धुक्यासकट कॅमेरा

८ नोव्हेंबर

मामा,

नमस्कार उभ्यानेच करते. साष्टांग घालावा तर हातापायांना चिखल आहे. आत्ताच काचघरातल्या मोठ्या कुंड्या हलवून झाल्या आणि मधल्या सुट्टीत पालथ्या बादलीवर बसून हे लिहितेय.

तुझा सल्ला हवाय, पण फोनवर मागून उपयोग नाही. मागच्या वेळी मी "तब्येत कशी आहे?" विचारलं आणि तू "मासे महाग झालेत" म्हणालास.

पुलाजवळच्या दुकानातून एक कॅमेरा आणलाय. विकत नाही, पारखायला. डीएसएलआर आहे, पण त्यातला सगळ्यात साधा. दुकानदारीणबाई त्याला 'शिकाऊ' म्हणतात. त्या म्हणाल्या, "थंडीत गिऱ्हाईक कुठलं येतंय? थंडी सरेपर्यंत वापर. पटला तर ठेव, नाहीतर आणून दे." इथे सगळ्यांनी मला वेड्यात काढलंय. आमचे मोठे माळी म्हणतात, "खिशात मोबाईल असताना गळ्यात धोंडा कशाला बांधून घेतेस?"

पण मामा, हौस माझी नाही. आईसाठी चाललंय हे.

तुला माहीत आहे, आई काचघरातली फुलं बघून यायची आणि कापडावर उतरवायची. बाबा बेकरीत आणि ही खिडकीत, मांडीवर भरतकामाची रिंग, दातांत दोरा. आता वर्ष झालं, तिने सुई हातात धरलेली नाही. बोटं दुखतात म्हणते. टेकडी चढवत नाही म्हणून काचघरात येत नाही. दाराकडे खुर्ची करून दिवसभर बसते, चेहऱ्यावर हसू ठेवून, आणि मनाने कुठेतरी लांब. बाबा गेले तेव्हाही ती अशी नव्हती. तेव्हा तिने एक अख्खी चादर भरून काढली होती, एक शब्द न बोलता.

मोबाईलवर फुलं दाखवली तर म्हणते, "टिकलीएवढं काय दाखवतेस?" म्हणून वाटलं, बऱ्या कॅमेऱ्याने फोटो काढावेत, मोठ्या कागदावर छापून आणावेत. आई टेकडी चढत नाही तर फुलांनी उतरून यावं. ती पुन्हा सुई धरेल, मग पुन्हा माझ्यावर खेकसेल. मला माझी आई परत हवीय, एवढंच.

खरं सांग, एवढ्यासाठी हा कॅमेरा घ्यावा का? की नाकापेक्षा मोती जड होईल?

तुझी भाची

१५ नोव्हेंबर

चिमणे,

मासे खरोखरच महाग झालेत. तू काहीही विचारलं असतंस तरी मी तेच सांगितलं असतं.

फोनमध्ये मला हल्ली फक्त समुद्र ऐकू येतो. खिडकीबाहेर समुद्र आहेच, मग पुन्हा कानाला लावून काय ऐकायचा? खाली जाळी विणणारे दिवसभर गप्पा मारतात, त्यांचे ओठ हलताना दिसतात. सकाळी बंदरावर धुकं उतरतं तेव्हा होड्या आवाज न करता जातात आणि मला वाटतं, आता सगळं जग माझ्यासारखं झालं. वाईट नाही वाटत. झोप आणि जाग यांच्या मधल्या पायरीवर बसल्यासारखं असतं.

आता कॅमेरा. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे कॅमेरे उघडले, पुसले, जोडले, तेव्हा माझं मत फुकट असलं तरी फुकाचं नाही. शिकाऊ कॅमेऱ्याचं अंग प्लास्टिकचं असतं, त्याला नाक मुरडू नकोस. ओझं कमी होतं. सोबत मिळणारं भिंग धाकट्या भावासारखं असतं. पडेल ते काम करतं, कौतुक कुणी करत नाही. मला विचार, मी धाकटाच आहे.

खरी गोष्ट त्या खिडकीत आहे, डोळा लावायच्या. मोबाईल तुला फुलाचं चित्र दाखवतो. इथे आत आरसा असतो, त्याच्यावरून खरं फूल तुझ्या डोळ्यात येतं. बटण दाबलं की आरसा पापणीसारखा वर जातो आणि 'खटक्' करून परत येतो. त्या एका आवाजावरून मी सांगायचो, कॅमेरा बरा आहे की आजारी. आता तो कानाला कळत नाही, बोटाला कळतो.

कॅमेऱ्याची किंमत दुकानात ठरत नाही. कपाटात पडून राहिला तर फुकटात मिळालेलाही महाग. त्याच्यामुळे ताईने एक टाका जरी घातला तरी घेऊन टाक. पण आधी फोटो छापून एक मला पाठव. चेहरा बघितल्याशिवाय औषध सांगणारा वैद्य मी नव्हे.

ताईला सांग, तिचा भाऊ तिची आठवण काढतो. मोठ्याने सांग, म्हणजे तिला वाटेल मीच बोलतोय.

मामा

२३ नोव्हेंबर

मामा,

फोटो सोबत आहे. बघ आणि हस.

सगळे असेच आलेत. पहाटे टेकडी चढून गेले, गारठ्याने बोटं वळत नव्हती. आत शिरले ती थेट कमळांच्या कुंडाकडे, म्हटलं, ऊन चढायच्या आत काढावेत. काढताना वाटलं, काचघरातली वाफच दिसतेय, काय सुंदर! छापून आणले तर सगळीकडे पांढरं पांढरं. कमळ आहे की कुणाचा गाल आहे, कळत नाही. पानांना कडा नाहीत, काचांना चौकटी नाहीत. अर्धवट जाग आल्यावर स्वप्न कसं हातातून सुटत असतं, तसे सगळे फोटो. मला रडूच फुटलं. म्हटलं, कॅमेरा फुटका निघाला, उद्याच परत करते.

पण खरी गंमत पुढे आहे. आईने ते फोटो मागून घेतले. एकेक डोळ्याजवळ नेला, लांब धरला, आणि म्हणाली, "किती स्वच्छ आलेत गं!" मामा, स्वच्छ! मला वाटलं, माझी समजूत काढतेय. पण ती समजूत काढते तेव्हा वर एक टोमणा असतोच, तो नव्हता. म्हणाली, "अगदी समोर ठेवल्यासारखं आहे. इतके दिवस तुझ्या त्या मोबाईलवर काही धड दिसायचं नाही." मग दोऱ्यांचा डबा मागितला! मी पळत जाऊन आणला. तिने कमळासाठी रंग काढला तो मातकट पिवळा. मी म्हटलं, "आई, कमळ पांढरं आहे." तर म्हणाली, "पांढराच आहे हा." बराच वेळ सुई आणि दोरा हातात धरून बसली, मग डबा मिटला. "राहू दे. बोटं दुखतात."

एवढं जवळ आलेलं पुन्हा लांब गेलं. आता तूच सांग, कॅमेऱ्यात खोट आहे की माझ्यात?

तुझी भाची

३० नोव्हेंबर

चिमणे,

खोट तुझ्यातही नाही आणि कॅमेऱ्यातही नाही. पहिल्यांदा मला वाटलं, भिंगात बुरशी आहे, परत करून टाक म्हणावं. पाकीटही चिकटवलं होतं. मग तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि पाकीट फाडलं.

अगं, गारठ्यातून आलेला कॅमेरा तू तशीच त्या उबदार, ओल्या हवेत घेऊन शिरलीस. चष्मा लावून गरम चहाच्या कपात डोकावल्यावर काय होतं? तेच झालं. भिंगावर दव धरलं. काचघरात राबणाऱ्या मुलीला हे कळू नये, आणि तिच्या मामाला दोनदा वाचल्याशिवाय कळू नये! दोघांनाही कान धरून उभं करायला हवं.

उपाय सोपा आहे. बाहेरच कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घाल, तोंड घट्ट बांध, मग आत ने. कुंड्यांना पाणी घालेपर्यंत पिशवी उघडू नकोस. कॅमेऱ्याला ऊब आली की दव पिशवीला धरेल, भिंगाला नाही.

आणि आता माझी दोन कामं कर. का ते विचारू नकोस, म्हाताऱ्याचा हट्ट समज.

एक. त्याच कमळाचा चांगला फोटो काढ, तेवढ्याच आकारात छाप. धुक्यातला आणि चांगला, दोन्ही ताईच्या हातात दे आणि विचार, फरक काय. ती म्हणेल ते शब्दाला शब्द लिहून कळव.

दोन. डोळा लावायच्या खिडकीशेजारी नखाएवढं एक चाक आहे. ते चष्म्याच्या नंबरासाठी असतं. ताईच्या हातात कॅमेरा दे, उजेडाकडे तोंड करून बसव. आत खालच्या कडेला हिरवे आकडे दिसतात. ते आकडे ठळक होईपर्यंत चाक फिरवायला सांग आणि कुठे थांबली ते बघ. खेळ म्हणून कर. परीक्षा आहे असं तिला वाटू देऊ नकोस. परीक्षेत ती लहानपणापासून लबाडी करते.

मामा

९ डिसेंबर

मामा,

तुला कळलं होतं. तुला तेव्हाच कळलं होतं आणि तू मला सांगितलं नाहीस.

पिशवीचा उपाय लागू पडला. कमळ असं आलं की पाकळीवरची मुंगी दिसते. धावत घरी आले, दोन्ही फोटो आईला दिले. तिने दोन्ही निरखून पाहिले. शब्दाला शब्द लिहिते: "एकाचेच दोन कशाला छापलेस? उधळी आहेस."

मग कॅमेरा दिला. ती हसत होती, लहान मुलीसारखी एक डोळा गच्च मिटून. चाक एका टोकाला नेलं, मग दुसऱ्या टोकाला. मी विचारलं, "आकडे दिसले?" ती म्हणाली, "आकडे कुठले? खाली काजवे आहेत. हिरवे. किती छान!" आणि फिरवतच राहिली, चाक अडलं तरी.

मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासली. घासलेलीच होती.

आता एकेक गोष्ट आठवतेय. दारात कुणीही आलं तरी ती "ये, ये, बस" एवढंच म्हणते, नाव घेत नाही. चहा ओतताना कपात बोट धरते. भिंतीला हात लावत चालते, आणि मी म्हणायचे, रंगाला डाग पडतात. मी तिच्यासमोर रोज उभी असते, मामा! फुलांचे फोटो आणायला टेकडी चढत राहिले आणि घरात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांत एकदा बघितलं नाही. बोटं दुखत नव्हतीच तिची.

मी सरळ विचारलं. आधी तिने उडवून लावलं. मग म्हणाली, "मोतीबिंदू असेल. वयाला शोभून दिसतो." डॉक्टरांचं नाव काढलं तर उठून चूल बघायला गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तर म्हणाली, "मला दिसतं तेवढं पुरे. छान दिसतं." आणि खुर्ची दाराकडे वळवली.

आता कॅमेरा ठेवायचा की परत करायचा, हे विचारायचंही सुचत नाही. तू तिला लिही. मी वाचून दाखवीन. माझं ती ऐकत नाही.

तुझी भाची

१६ डिसेंबर

ताई,

हे पत्र पोरगी वाचून दाखवतेय, तेव्हा मध्येच उठून चूल बघायला जाऊ नकोस. मी अजून पुढे आहे.

मला माहीत आहे, तुझ्या डोळ्यांपुढे आपले अण्णा (चिमणे, तुझे आजोबा) उभे आहेत. तेव्हाचं ते ऑपरेशन, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही, आणि एवढं करून पट्टी काढली तर अंधार. मी लहान होतो. त्यांचा हात धरून तू चालायचीस आणि तुझा हात धरून मी. आपली ती वरात गल्लीतून निघाली की लोक वाट द्यायचे. मला त्याची मजा वाटायची. तुला काय वाटायचं ते मी कधी विचारलंच नाही.

पण ताई, ते दिवस गेले. मी काही डॉक्टर नाही, पण भिंगांचा धंदा केलाय. माझ्याकडे असे कितीतरी कॅमेरे यायचे, अंग ठणठणीत, आरसा ठणठणीत, फक्त भिंग धुरकट. मालक म्हणायचा, फेकून द्या. मी भिंग बदलायचो. आता डोळ्यांचंही तसंच करतात, आणि माणूस त्याच दिवशी घरी येतं. इथे खालच्या जाळीवाल्याच्या आईने केलं. ती आता जाळ्यातल्या चुका काढते, घरातले सगळे हैराण आहेत.

घाबरायला तुझी हरकत नाही. पण घाबरलीस तर घाबरले म्हण. 'छान दिसतं' म्हणू नकोस.

छोट्या

२१ डिसेंबर

छोट्या,

खाली पट्टी धरून लिहितेय. ओळीवर ओळ चढली तर दोन्ही वाच. पाकीट पोरीकडे चिकटवून दिलंय, तिने उघडलेलं नाही. तिला यातलं सांगायचं नाही.

घाबरले. घे, म्हटलं. अण्णांचा हात मी धरला, पण माझा हात धरून कुणी मला गल्लीतून न्यावं, हे मला सोसणार नाही. पण तेवढंच असतं तर मी कधीच गेले असते. मी काही भित्री नाही.

'छान दिसतं' म्हणाले ते खोटं नव्हतं रे. तू पोरीला बंदरावरच्या धुक्याचं लिहितोस, तसं धुकं माझ्या घरात असतं, दिवसभर. खिडकीचा पडदा, भिंत आणि उजेड एकमेकांत विरघळलेले असतात. आणि दार. दाराशी कुणीही उभं राहिलं, पोस्टमन असो की दूधवाला, की उजेडात सगळ्यांचीच कडा पांढरी दिसते, पिठाने माखल्यासारखी. क्षणभर वाटतं, बेकरीतून हे आले. मग तो माणूस तोंड उघडतो आणि पोस्टमन होतो. पण तो एक क्षण खरा असतो. दिवसातून दोनदा तीनदा येतात हे. मी वेडी नाही, मला सगळं कळतं. पण धुकं गेलं तर हेही जातील, आणि ते मी माझ्या हाताने करायचं?

म्हणून खुर्ची दाराकडे आहे. पोरीला वाटतं, मी उदास बसते. मी वाट बघत बसते.

आता तुझं. मला मोठा उपदेश करतोस, तुझ्या कानांचं काय? सगळं जग गप्प झालं तरी तुला वाईट वाटत नाही म्हणे. म्हणजे तूही माझ्यासारखाच. आपण दोघं एकाच आईची. तेव्हा सौदा करते. तू कानात यंत्र बसव आणि ते घालून इथे ये. मी हळू बोलेन. तुला ऐकू आलं तर मी डोळा दाखवेन. नाही आलं तर दोघंही आपापल्या धुक्यात सुखी.

तुला ते जमणार नाही याची मला खात्री आहे. लहानपणी टोपीसुद्धा कानावर सहन व्हायची नाही तुला.

ताई

६ जानेवारी

ताई,

बसवलं. कानात मुंगी शिरल्यासारखं वाटतं. जग किती बडबडतं गं! जाळीवाला दिवसभर माझ्याबद्दलच बोलत होता, हे आत्ता कळलं. समुद्र मात्र फोनमधला वेगळा आणि खिडकीतला वेगळा निघाला.

तू लिहिलंस ते वाचलं. हे पोरगी वाचून दाखवणार, म्हणून तुला कळेल एवढंच लिहितो. 'हेही जातील' असं तू म्हणतेस, त्याला मी 'नाही जाणार' कसं म्हणू? मला ठाऊक नाही.

पण सौदा तो सौदा. पुढच्या आठवड्यात येतोय.

छोट्या

४ फेब्रुवारी

चिमणे,

परत घरी पोचलो. प्रवासात शेजारी एक बाई सारखी बोलत होती. मी हळूच यंत्र काढून खिशात ठेवलं. त्याचा हाही एक गुण आहे.

ताईने मला एक गोष्ट सांगितलीय, ती मी तुला सांगणार नाही. पण मी आलो त्या दिवशी दारात जे झालं ते माझ्यादेखत झालं, तेव्हा ते माझं आहे. ते सांगतो.

तू मला घ्यायला थांब्यावर आलीस, गळ्यात कॅमेरा. वाटेत गारठ्याने दोघांचे दात वाजत होते. घरी पोचल्यावर तू पुढे शिरलीस, वळलीस आणि म्हणालीस, "मामा, दारातच थांब, एक काढते." मी थांबलो. खटक्. ताई, तो आवाज! नाही, तुला लिहितोय, चिमणे. असो. तो आवाज मी किती वर्षांनी ऐकला. कॅमेऱ्याची तब्येत उत्तम आहे, असं माझं मत मी तिथेच ठरवलं. तू म्हणालीस, "अरे देवा, पुन्हा दव धरलं, फुकट गेला," आणि कॅमेरा पुसायला आत गेलीस.

मी तसाच उंबऱ्यात होतो. ताईने खुर्चीतून मान वर केली. मला तिने कधी 'अरे छोट्या'शिवाय हाक मारलेली नाही. ती हसली, असं हसताना मी तिला तिच्या लग्नानंतरच्या वर्षात पाहिलं होतं. आणि अगदी हळू म्हणाली, "आलात? आधी पीठ झटकून या."

यंत्र नसतं तर मला ऐकू आलं नसतं. ऐकू आलं. मी उंबऱ्याबाहेर गेलो, कोट झटकला, दोन्ही खांदे झटकले, चांगले झटकले, आणि आत येऊन म्हणालो, "ताई, मी आहे गं." ती म्हणाली, "माहीत आहे. आता आलं लक्षात." मग म्हणाली, "ऐकू आलं ना तुला? मग चल, कधी जायचं डॉक्टरांकडे?" पुढचं सगळं, ऑपरेशनची तारीख मिळेपर्यंत, तुझ्यासमोर झालं.

आता तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर. कॅमेरा परत करू नकोस. आणि तो दारातला फोटो फुकट गेला म्हणून पुसला नसशील तर मोठा छापून आण आणि ताईला दे. का ते विचारू नकोस. मागच्या वेळी विचारलं नव्हतंस, तेव्हा बरं झालं होतं.

मामा

२२ फेब्रुवारी

छोट्या,

अक्षर बघ. एक तरी ओळ दुसरीच्या डोक्यावर बसलीय का?

पोरीने तुझं पत्र मला वाचून दाखवलं नाही. पण ती पत्रं टेबलावर टाकते, आणि मी आता वाचू शकते, हे तिच्या अजून अंगवळणी पडलेलं नाही. तेव्हा मी काय बोलले ते तू ऐकलंस म्हणे. तुझं यंत्र फारच चांगलं निघालं.

आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन. डॉक्टरांनी मात्र सध्या एकच दिलाय, दुसरा पुढच्या महिन्यात. पण या एकाने काय काय दाखवलं! स्वयंपाकघराचे कोपरे. ही मुलगी इतके दिवस काय झाडत होती, देव जाणे. आरशात आपली आजी उभी होती, मी तिला नमस्कार करणार होते. आकाश एवढं निळं असतं हे मी विसरले होते. कमळाच्या त्या दुसऱ्या फोटोत पाकळीवरची मुंगी दिसली. म्हणजे मी तिला उधळी म्हणाले ते परत घेते.

पण एक सांगते, ते तुलाच सांगू शकते. पट्टी काढली तेव्हा पोर समोर उभी होती. तिच्या कानशिलाजवळ पांढरं दिसलं. मी म्हटलं, "अगं, पीठ लागलंय, झटक." मीच हात पुढे करून झटकायला गेले, तर निघेना. पीठ नव्हतं रे. तिचे केस पिकलेत. डोळ्यांखाली रेघा आहेत, डावी जास्त खोल. माझ्यासमोर रोज उभी राहून माझी मुलगी म्हातारी व्हायला लागली, आणि मी तिच्यातून पलीकडे दाराकडे बघत बसले होते. त्या दिवशी मी तिला जवळ बसवलं आणि नुसती बघत राहिले. ती म्हणाली, "काय बघतेस?" मी म्हटलं, "गप्प बस, हलू नकोस." फोटो काढणारे म्हणतात तसं.

दाराचं विचारशील. दारात आता पोस्टमन येतो तो पोस्टमनच असतो. त्याला मिशा आहेत, मला ठाऊकच नव्हतं. पहिले काही दिवस फार जड गेले. तुला खोटं नाही सांगत, एकदा मनात आलं की हे काय करून बसले. मग सुई घेतली. पहिल्या खेपेला ओवली. कमळ भरतेय, पांढऱ्या दोऱ्याने, आणि तो कुठला पांढरा ते मला कुणी सांगायची गरज नाही.

थंडी सरली. पोर कॅमेरा परत करू का विचारायला आली, तेव्हा मी म्हटलं, "तो ठेव. त्याला धुकं आणताही येतं आणि घालवताही येतं. माणसाच्या डोळ्याला दोन्ही जमत नाही."

दारातला फोटो तिने मोठा छापून आणलाय. काही धड दिसत नाही त्यात. पांढरा उजेड, दाराची चौकट, आणि एक माणूस, खांदे पांढरे झालेले, आत येऊ की नको अशा बेताने उभा. मी तो खुर्चीसमोर लावलाय. येणारे-जाणारे विचारतात, "भाऊ वाटतं तुमचे?" मी मान हलवते.

तू मात्र उगाच समज करून घेऊ नकोस. तुझा म्हणून लावलेला नाही.

ताई